पाचवी उघाडी, दुसरं दार

चतुर्थीला पाऊणकीनं गुणलं की तीन.
तीनला पाणी भरणार, नऊला तळ दिसणार.
हाशा गावंडला हे बोटांवर येतं,
मला रजिस्टरात बघावं लागतं.
नऊला निघालो तेव्हा चिखलात निवट्या उडत होत्या
आणि होडी अजून अर्धी जमिनीची होती.

मी खारभूमी खात्यातला. एका दिवसात अकरा उघाड्या.
जीप बांधावर येत नाही, बांध खचलाय,
म्हणून खाडीतून, बांबू टेकत टेकत.
सायकलवरचा एक पोरगा बांधावरून पुढे गेला,
दळण घेऊन परत आला,
तरी आम्ही तिवरांच्या त्याच झुडपाशी.
हाशा म्हणाला, पानी येल. पान्याला हाका मारून येत नाय.

उघाडी म्हणजे बांधाचं तोंड.
आतलं गोडं पाणी ढकलतं तेव्हा उघडतं,
बाहेरचं खारं रेलतं तेव्हा मिटतं.
मधे कुणी हात लावायचा नाही.
पहिल्या चारांची दारं मी मोजली, फळ्या ठोकून पाहिल्या,
'ठीक' लिहिलं चार वेळा, एकदा शाई सांडली.

पाचवीला पाच दारं. दुसरं नव्हतं.
त्या भोकातून खाडी धडाधड आत चालली होती.
आतल्या शेतात जिथं लोंब्या हव्यात
तिथं पांढरं मीठ फुललेलं.
दारांची आतली बाजू बघायची तर आत जायला हवं,
आणि आत जायचं तर
दोन्ही पाणी एका पातळीला येईपर्यंत थांबायला हवं.

एक वाजला. हाशानं वाकटीचं कालवण सोडलं.
माझी संकष्टी. मी दोन केळी खाल्ली
आणि वास घेत बसलो.
दोन वाजले. खंड्या एकाच काठीवर.
फळीवर बसून मांड्या आखडल्या, म्हणून हात टेकला,
तर बोटांना खाच लागली. आकडा. खाली वाकून वाचला:
पाच, आडवी रेघ, दोन.

सकाळपासून मी त्याच दारावर बसलो होतो
जे 'गहाळ' लिहायला निघालो होतो.

हाशा तोंड धुत होता.
वाहून चाललं व्हतं, मी धरलं.
मग खात्याला कळवलं का नाही?
खातं कवा येल, कुनाला ठाव? तवर बसाला तरी झालं.
आणि नाळेखालच्या डब्यातून त्यानं
चिंधीत गुंडाळलेल्या दोन बिजागऱ्या काढल्या,
तेल लावलेल्या.

साडेतीनला खाडीनं आवाज बंद केला.
भोकातलं पाणी नुसतं उभं राहिलं,
त्यावर तिवराचं एक पान, कुठं जावं ते न कळलेलं.
बांबू न टेकता होडी आत गेली,
डोकी वाकवून आम्हीही.
आत पदूबाय कमरेभर पाण्यात, खांद्यावर पागेरं.
फळी बघून म्हणाली, हे लावलं की जिताडा यायचा नाय.
मी म्हटलं, भात येईल.
भात त्यांचा, म्हणाली. जिताडा माझा.
याला रजिस्टरात रकाना नाही.

दार आम्ही तिघांनी लावलं.
खिळे हाशाचे, दगड माझ्या हातात,
खालची कड पदूबायनं धरली, शिव्या देत, पण घट्ट.
त्यासाठी आम्ही आधी बाहेर आलो होतो,
ती बांधावरून चालत आली होती.
शेवटचा खिळा बसला तसं पान हललं,
समुद्राच्या दिशेनं.

उरलेल्या सहा उघाड्या पुढच्या चतुर्थीला.
परतताना बसायला फळी नव्हती.
मी तळाच्या पाण्यात बसलो, रजिस्टर डोक्यावर,
पँट ओली, पोटात काही नाही.
हाशा वल्हं मारताना अधूनमधून मागे बघायचा,
घरी कुणी एकटं राहिल्यासारखा.

नऊच्या सुमारास चंद्र आला, माझा उपास सुटला,
तेव्हा खाडीत पुन्हा तळ दिसत होता.
मध्यरात्री कधीतरी पाणी परत येईल,
त्या फळीला खांदा लावेल,
आणि ती मिटेल.
आवाज कसा येतो मला माहीत नाही.
पदूबाय सांगेल, विचारलं तर.